आकाशात काही दिसल्यास नागरिकांनी घ्यावयाची दक्षता

संध्याकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवरून पश्चिमेला एखादा तेजस्वी ठिपका दिसल्यास तो शुक्र तर नव्हे ना, हे पडताळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. लडाखमध्ये २०१२-१३ मध्ये आपल्या जवानांनी अशाच प्रकाशगोलांच्या ३२९ नोंदी चिकाटीने केल्या होत्या, ते चिनी ड्रोन असल्याचा रास्त संशयही घेतला होता. पण पुढे खगोलशास्त्रज्ञांना विचारण्याची दुर्बुद्धी झाली आणि त्यांनी ते गुरू आणि शुक्र असल्याचे सांगून प्रकरणाची रयाच घालवली. त्यामुळे आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर असली, तरी तिकडे फिरकू नये. लोहगावच्या हवाई तळावरून लढाऊ विमाने उडतात, हेही तात्पुरते विसरावे.

व्हिडिओ अवश्य काढावा. मात्र झूम पूर्ण ताणलेला असावा, हात थरथरता असावा आणि चौकटीत झाड, इमारत, विजेचा खांब असे काहीही येऊ देऊ नये. वेळ आणि दिशा लिहून ठेवल्यास कोडे सुटण्याचा धोका संभवतो. उडत्या तबकड्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या 'ब्लू बुक' प्रकल्पाकडे १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या आणि त्यांतल्या ७०१ अनुत्तरित राहिल्या. आपण त्या ७०१च तेवढ्या पाठ कराव्यात. माहिती अपुरी असणे आणि परग्रहवासी येऊन जाणे यांत फरक करत बसणारी माणसे अरसिक असतात.

आपण स्वतःच चौकशी अधिकारी असाल, तर काम आणखी सोपे आहे. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या इतिहासलेखनानुसार, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९६० च्या दशकात आलेल्या उडत्या तबकड्यांच्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारींच्या मुळाशी सीआयएचीच यू-२ सारखी गुप्त टेहळणी विमाने होती. साठ हजार फुटांवर त्यांचे पंख उन्हात चमकत, आणि खरे कारण ठाऊक असलेले अधिकारी लोकांना मात्र हिमकण आणि तापमानाचे थर समजावून सांगत. म्हणजे गुपितही राखावे, खुलासाही करावा, आणि त्या खुलाशावर विश्वास न ठेवणाऱ्याला वेड्यात काढावे. संरक्षणाच्या दृष्टीने याहून उत्तम व्यवस्था नाही. (पुढे तीच मंडळी 'सरकार काहीतरी लपवते आहे' म्हणू लागली, तर आश्चर्य व्यक्त करावे.)

एवढे करूनही वस्तू ओळखू न आल्यास ती पाडावी. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने तीन दिवसांत अशा तीन वस्तू पाडल्या, त्याही प्रत्येकी चार लाख डॉलरहून महाग क्षेपणास्त्रांनी. त्या बहुधा खासगी वा संशोधनाच्या फुग्यांपैकी असाव्यात, असे खुद्द राष्ट्राध्यक्षांनीच नंतर सांगितले. अवशेष शोधण्याचा मात्र फार आग्रह धरू नये. अलास्का आणि ह्युरॉन सरोवराजवळचा शोध अमेरिकेनेही आठवडाभरात आवरता घेतला.