बाळाच्या नाकात कापराचं तेल? त्या मेसेजला माझं उत्तर

चोपड्याहून बहिणीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. पोरगं चार महिन्यांचं, दोन दिवस नाक वाहत होतं, आता छातीत घरघर, आणि तिच्या सासूबाई हातात वाटी घेऊन बाजूला उभ्या, "नाकमा दोन थेंब टाकी दे, मोकया व्हई जाई." वाटीत खोबरेल तेलात विरघळवलेला कापूर. कुठून कळलं? व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. तोच मेसेज नंतर मला आमच्या तीन ग्रुपवर दिसला. म्हणे थंडीत बाळाला कफ झाला तर दवाखान्यात पळू नका, हा चायनाचा नवीन व्हायरस आहे, नाकात कापराचं तेल टाका, आईचं केळी-दही बंद करा, कफ सिरप देऊ नका आणि तीन दिवस घरीच उबेत ठेवा.

आधी ते तेल. अहो, कापूर देवापुढे जाळायचा आहे! नाकाच्या आतल्या पातळ कातडीतून तो थेट रक्तात जातो आणि एवढ्याशा बाळाला त्याने काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कापूर काढला तरी राहिलं तेल, ते नाकातून घशात आणि घशातून फुफ्फुसात उतरतं, पाणी गेलं तर ठसका लागून बाहेर तरी येतं, तेलाने ठसकाही नीट लागत नाही, ते आतच बसून राहतं आणि त्याचा न्यूमोनिया होतो. डॉक्टर त्याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात, आणि त्याच्यावर अँटिबायोटिकही चालत नाही. तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, हे खरंय. त्यासाठी मेडिकलवर साध्या सलाईनचे थेंब मिळतात, दूध पाजायच्या आधी टाकायचे आणि मऊ कापडाने पुसायचं, बस.

केळ्याचं काय सांगू, अख्खा चोपडा तालुका केळीवर जगतो आणि तिथल्याच आईला केळं बंद! आईने केळं खाल्लं म्हणून बाळाला कफ होत नाही, सर्दी झालेल्या माणसाने मुका घेतला, न धुतलेल्या हाताने उचललं तर होतो. दूध मात्र चालूच ठेवा, थोडं थोडं, जास्त वेळा. चायनाचा नवीन म्हणतात तो एचएमपीव्ही, म्हणजे सर्दी-खोकल्याचाच एक व्हायरस, 2001 मध्ये नेदरलँड्समध्ये सापडलाय.

कफ सिरपचं तेवढं बरोबर आहे, मान्य करतो. 2025 मध्ये आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे, डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या सिरपने 20 हून जास्त लेकरं गेली आणि त्यानंतर केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका असं सांगितलं. पण सिरप नको म्हणजे दवाखाना नको असं कुठे आलं?

आणि खरा राग मला त्या "तीन दिवस घरी" चा आहे. तान्ह्या बाळांमध्ये आरएसव्हीसारखा व्हायरस छातीतल्या बारीक नळ्यांपर्यंत उतरला की त्या सुजतात, आणि हा त्रास बहुतेक वेळा तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच वाढतो. म्हणजे नेमके जे दिवस डोळ्यात तेल घालून बघायचे, तेच दिवस हा मेसेज वाट बघायला सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा हिशोब आहे, आमच्याकडच्या आशाताईंनाही माहीत असतो: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जोरात चाललाय, दाखवायचंच.

मी बहिणीला म्हटलं वाटी खाली ठेव, अंगावरचा कपडा वर कर आणि मोबाईलवर मिनिट लाव. तिने मोजले 64. बरगड्यांखाली खड्डा पडतोय का विचारलं, म्हणाली हो दादा, प्रत्येक श्वासाला पडतोय, आणि दोनदा ओढलं की दूध सोडतोय. लगेच गाडी काढायला लावली. दोन दिवस ऑक्सिजनवर होतं पोरगं. आता परत पोटभर पितंय, आणि तिच्या सासूबाईंनी स्वतःच्या हाताने तो मेसेज डिलीट केला. तुमच्याकडे आला असेल तर तुम्हीही करा, आणि बाळाचे ओठ निळे दिसले किंवा दूधच घेईना तर सकाळ होऊ देऊ नका, 108 ला फोन लावा.