चालू द्या!

काल सकाळी मी माझ्या जुन्या जावा मोटरसायकलला शहाऐंशी किका मारल्या. आकडा माझा नाही. तिसाच्या पुढे मी मोजणं सोडलं होतं. आकडा वरच्या मजल्यावरच्या काकांचा आहे. ते मोजत होते, मोठ्याने.

गाडी १९७२ची, म्हैसूरच्या कारखान्यातली. आठ महिने पार्किंगच्या कोपऱ्यात ती सुटी होऊन पडली होती आणि तिच्याशेजारी रात्री अकरापर्यंत मी. सिलिंडरचा बोअर झाला, पिस्टन-रिंगा झाल्या, ऑइल सील, वायरिंग, टाकीचं क्रोम, सगळं झालं. स्पोक मी जुन्या टूथब्रशने एकेक घासले. तो टूथब्रश जुना नव्हता हे घरी नंतर कळलं, पण तो विषय वेगळा. काल पहिल्यांदा गाडी चालू व्हायची होती.

ज्यांनी जावा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: हिचा गिअर आणि किक ही एकच दांडी, डाव्या बाजूला. ती आत दाबून मागे फिरवली की उभी राहते आणि किक होते, काम झालं की पुन्हा गिअर. फार हुशारीची रचना आहे. शहाऐंशी वेळा केल्यावर तितकी हुशारीची वाटत नाही.

तर काका. साडेसातला ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आले आणि गाडीच्या मागे, बरोब्बर मागे, मांडून बसले.

"चालू द्या, चालू द्या. मी आपला उन्हाला बसलोय."

आमच्या पार्किंगमध्ये ऊन येत नाही.

"आमच्याकडे होती हो," काका म्हणाले. हे वाक्य येणार हे मला माहीतच होतं. आठ महिन्यांत मला भेटलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी जावा होती. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या मामांची, एकाच्या तर शाळेच्या हेडमास्तरांची. मग त्या काळी रस्त्याने पायी कोण चालत होतं? आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच: "विकली हो." म्हणताना माझ्याकडे असं बघायचं, जणू विकत मीच घेतली, तीही अडलेल्या माणसाकडून.

पंधरा किका. फट्... फुस्स.

"अठरा," काका म्हणाले.

मी प्लग काढला. ओलाचिंब. पुसून इंजिनाला टेकवला, किक मारली, निळी ठिणगी कडकडीत. पॉइंटची, म्हणजे ठिणगीची वेळ साधणाऱ्या स्विचची, गॅप पुन्हा मोजली. ०.४ मिलिमीटरचं पातं आत घालून डोळे मिटून अंदाज घेतला, नाडी बघतात तसा. ठीक. पेट्रोल येत होतं, त्यात लिटरला ४० मिली ऑइल मी स्वतः इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून घातलं होतं. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, हवा आहे. आणखी काय हवं असतं इंजिनाला?

"एक विचारू?" काका म्हणाले. "सिलिंडर एक, मग सायलेन्सर दोन कशाला?"

आता हा प्रश्न मला कुणी विचारावा म्हणून मी आठ महिने थांबलो होतो. हातातला पान्हा खाली ठेवून मी व्याख्यान सुरू केलं. हिच्या सिलिंडरला धूर बाहेर जायला दोन वाटा आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. "टू-स्ट्रोकची गंमत अशी आहे काका, की जळलेला धूर बाहेर गेल्याशिवाय नवं पेट्रोल आत शिरतच नाही. बाहेरची वाट अडली की संपलं! प्लग नुसता भिजत राहणार."

"म्हणजे दोन्ही सायलेन्सर मोकळे पाहिजेत."

"अर्थात!"

"हं," काका म्हणाले. "चालू द्या."

एवढ्यात समोरच्या इमारतीतले एक जाणकार येऊन गेले. मागचा मडगार्ड आखूड करून सपाट हँडल लावायचा विचार मी बोलून दाखवला, तर त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या आईला जीन्स घालायला निघाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग २०२१चा नियम ऐकवला: पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. नियम बरोबरच आहे. पण ही गाडी आधीच्या मालकाकडे कोंबड्या बसायला वापरत होते, तेव्हा हे मूळ रूपवाले कुठे होते? गंजू दिलेली चालते, कापलेली नाही! असो. नडगी दुखत असताना माणूस नियमांवर निष्पक्ष बोलू शकत नाही.

बहात्तर. अठ्ठ्याहत्तर. एकदा किक उलटी आली आणि त्याच नडगीवर बसली. काकांनी तीसुद्धा मोजली.

शहाऐंशीला मी जमिनीवरच बसलो. काका उठले, खुर्ची मिटायचा प्रयत्न केला, ती मिटणारी नव्हती.

"झालं का तुमचं? मग आता माझे फडके काढू का?"

"कुठले फडके?"

काकांनी वाकून डाव्या सायलेन्सरच्या तोंडातून दोन बोटांनी पिवळ्या चौकड्यांचा फडका ओढला. जादूगाराच्या टोपीतून निघतो तसा तो निघतच राहिला. मग उजव्यातून दुसरा.

मला सगळं आठवलं. मार्चमध्ये कुंभारमाशी सायलेन्सरमध्ये मातीचं घर करायला लागली होती, म्हणून मीच स्क्रू ड्रायव्हरने ठासून ठासून बोळे कोंबले होते. फडके समोरच्या स्कूटरवर वाळत होते. मला ते बेवारस वाटले.

"काका, तुम्हाला दिसत होतं?"

"समोरच तर बसलो होतो."

"मग सांगायचं ना!"

"आधी वाटलं, तुमच्या त्या कस्टम फेरफारांमध्ये असेल. मग चौकडी ओळखली. तीन महिने शोधतोय मी. म्हटलं, बघू, स्वतःहून काढतात का."

दोन तास! माणसाची नडगी काळीनिळी होईपर्यंत दोन तास! चूक माझी होती, मान्य आहे. पण साठ-सत्तर किकांनंतर तरी फडक्यांपेक्षा पाय मोठा नाही का? मी हे बोललो नाही. शेजारी राहायचं आहे.

प्लग सुकवला. दुसऱ्या किकेला गाडी लागली. तो आवाज, तो निळसर धूर, सगळं पार्किंग भरून गेलं, वरच्या खिडक्या उघडल्या, आणि काका मान वर करून प्रत्येक खिडकीला सांगत होते, "अठ्ठ्याऐंशीला लागली! मी दाखवलं त्यांना!"

संध्याकाळी फडके धुऊन दिले. काकांनी नाकाशी नेऊन परत केले. ऑइलचा वास येतोय म्हणाले. सध्या फडके आमच्या बाथरूममध्ये तिसऱ्यांदा भिजत आहेत, आणि काकांनी मघाशी वरून विचारलंय, "गरम पाणी घेतलंत ना?"