कारपूल आणि ॲपवरचं वडाप

वाकड, चांदणी चौक, कळंबोली, सायन. मुंबई-पुणे वाटेवरच्या या चारपैकी कुठल्याही ठिकाणी सकाळी सातला उभं राहिलं की पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाड्यांत बॅगा घेऊन बसणारी अनोळखी माणसं दिसतात. ॲपवर सीट बुक केलेली असते, पैसे उतरताना यूपीआयने द्यायचे असतात. यावर चर्चा सुरू झाली की दोन ठरलेली मतं पुढे येतात. एक म्हणतं, लोक आपापल्यात गाडी वाटून घेतायत, सरकारने मध्ये कशाला पडावं? दुसरं म्हणतं, ही सरळसरळ बेकायदा प्रवासी वाहतूक आहे, एसटी आणि टॅक्सीवाल्यांच्या पोटावर पाय आहे, बंद करा. खरी गोष्ट अशी की एकाच ॲपवर, एकाच यादीत, दोन वेगळे व्यवहार शेजारी शेजारी चाललेत. एक कारपूल आहे, दुसरं वडाप, म्हणजे परमिटाशिवाय सीटमागे भाडं घेऊन केलेली प्रवासी वाहतूक. जीपच्या टपावरून ते मोबाइलच्या पडद्यावर आलंय, एवढंच.

हे दोन्ही वेगळे काढता येतात. त्यासाठी जिथे मोजायला हवं तिथे आपले नियम मोजत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

आधी आकडे. मुंबई-पुणे साधारण १५० किलोमीटर. पेट्रोल गाडी लिटरला १५ देते, पेट्रोल १०५ रुपये धरू. म्हणजे १० लिटर, १०५० रुपये. एक्स्प्रेसवेचा कारसाठीचा टोल एप्रिल २०२३ पासून ३२० आहे. एकूण १३७० रुपये. गाडीत चालकासह चार माणसं असतील तर माणशी साधारण ३४२. चालकाने तिघांकडून ३४० घेतले तर त्याच्या हातात १०२० येतात आणि स्वतःच्या खिशातून ३५० जातात. हे कारपूल. त्याच तिघांकडून ५०० घेतले तर १५०० जमतात, खर्च वजा जाता १३० वर राहतात. इंधन-टोलाच्या हिशेबाने इथे वाटणी संपली आणि भाडं सुरू झालं.

आता तोच रस्ता सात सीटच्या सीएनजी अर्टिगाने जाऊ. किलोला २२ किलोमीटर, सीएनजी ९० रुपये धरला तर इंधन ६१४. टोल ३२०. एकूण ९३४. सहा प्रवासी, प्रत्येकी ४००. जमा २४००. एका फेरीला १४६६ रुपये सुटले, आणि दिवसात जाऊन-येऊन दोन फेऱ्या होतात. ॲपवर मात्र दोन्ही गाड्यांपुढे जवळपास सारखाच दर दिसतो. ३४० आणि ४०० मध्ये प्रवाशाला काय फरक कळणार?

म्हणून 'सीटमागे किलोमीटरला इतकेच रुपये घ्या' अशी कमाल मर्यादा घातली की ती पेट्रोल सेदानवाल्या प्रामाणिक माणसाला टोचते आणि सीएनजीवर सहा जण नेणाऱ्याला जाणवतही नाही. मर्यादा गाडीच्या एकूण जमेवर हवी. त्या गाडीचा, त्या इंधनाचा, त्या रस्त्याचा खर्च काढा, चालकासकट सगळ्या डोक्यांनी भागा, आणि चालकाचा वाटा त्याच्याच खिशातून जाऊ द्या. गाडीचं मॉडेल, इंधन आणि आसनक्षमता आरसी बुकावर असते, ॲपला ती नंबरावरून मिळते. हिशेब करायला एका प्रोग्रॅमरला एक दुपार पुरेल.

यात एक खरा वाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. खर्चात काय काय धरायचं? फक्त इंधन-टोल धरला तर गाडीमालक म्हणेल की टायर, सर्व्हिसिंग, विमा, गाडीची घटणारी किंमत हे कोण देणार? बरोबर आहे. पण ते सगळं धरलं की किलोमीटरचा खर्च दीड-दोन पट होतो आणि त्या फुगलेल्या आकड्याआड नफा आरामात लपतो. माझं मत इंधन, टोल आणि पार्किंग एवढंच धरावं असं आहे. ज्याला मुंबईहून पुण्याला जायचंच होतं, त्याच्या गाडीचा घसारा कोणी शेजारी बसलं नसतं तरी झालाच असता.

'जायचंच होतं' ही दुसरी कसोटी आहे, आणि माझ्या लेखी पहिलीपेक्षा महत्त्वाची. फ्रान्सच्या कायद्यात कारपूलची जी व्याख्या आहे तिच्यात हे दोन्ही एकत्र येतात: खर्चवाटपापलीकडे फायदा नाही, आणि प्रवास चालक स्वतःच्या कामासाठी करत असलेला. तिथल्या कर खात्याची अटही अशीच की चालकाने आपला वाटा स्वतः सोसला पाहिजे, तरच ती रक्कम करातून सुटते. स्पेनमध्ये बसमालकांच्या संघटनेने ब्लाब्लाकार या कारपूल ॲपवर खटला भरला होता. २०१७ साली माद्रिदच्या न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. त्याच वर्षी २० डिसेंबरला युरोपीय न्यायालयाने उबरला मात्र वाहतूक सेवाच ठरवलं. उबरचे चालक त्या ॲपवाचून रस्त्यावर नसतेच आणि भाड्यावर ताबा कंपनीचा, हे तिथे निर्णायक ठरलं. दोन्ही ठिकाणी फोनवरचं बटण सारखंच होतं. फरक ॲपमागे कोण काय ठरवतं याचा होता.

आपल्याकडे काय झालं ते थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे भाड्याने माणसं न्यायची तर परमिट लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने 'ॲग्रिगेटर', म्हणजे चालक आणि प्रवासी जुळवून देणारा ॲपवाला, कायद्यात आला आणि कलम ९३ खाली त्याला परवाना बंधनकारक झाला. २७ नोव्हेंबर २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी खासगी गाड्यांच्या पूलिंगला, राज्याने मनाई केली नसेल तर, मुभा दिली: शहरात दिवसाला ४ फेऱ्या, दोन शहरांदरम्यान आठवड्याला २. महाराष्ट्राने १९ जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने ही मुभा काढून घेतली. तेव्हा बाइक टॅक्सीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात तापलं होतं आणि त्या रगाड्यात चारचाकी पूलिंगही भरडलं गेलं. मग २०२५ मध्ये राज्याने धोरण बदललं आणि गाडीमागे आठवड्याला १४ फेऱ्यांपर्यंत पूलिंगला मंजुरी दिली.

हा १४ चा आकडा नीट बघा. ठाण्याहून बीकेसीला रोज जाणाऱ्याला आठवड्याला दहा-बारा फेऱ्या लागतात, त्याला १४ पुरेसे आहेत. मुंबई-पुण्याला मात्र १४ म्हणजे सातही दिवस जाऊन-येऊन. शुक्रवारी घरी येणारा आणि सोमवारी पहाटे परत निघणारा माणूस दोन फेऱ्या करतो, केंद्राची २ ची मर्यादा त्याच्याच मापाने शिवलेली. वरची अर्टिगा मात्र १४ फेऱ्यांत आठवड्याला २० हजारांच्या वर नेईल, तेही फेऱ्यांच्या मर्यादेत राहून. शहरातली आणि शहरांमधली मर्यादा वेगवेगळीच हवी. दोन शहरांदरम्यान २ फारच कमी वाटत असतील तर ४ करा.

पण मर्यादा कितीही ठेवा, ती मोजणार कोण? इथे सगळं घोडं अडतं. फेऱ्या प्रत्येक ॲप आपापल्या मोजतं. चालक दोन-तीन ॲपवर असतो, शिवाय व्हॉट्सॲप ग्रुप आहेतच. मोजणी माणसाच्या खात्यावर होते, मग बायकोच्या, मेहुण्याच्या नंबरावरून दुसरं खातं उघडतात आणि गाडी तीच राहते. मोजणी गाडीच्या नोंदणी क्रमांकावर हवी, आणि सगळ्या ॲपची मिळून एका ठिकाणी. प्रत्येक ॲपने फेरीमागे पाचच गोष्टी पाठवायच्या: गाडी क्रमांक, निघण्याची वेळ, कुठून कुठे, किती प्रवासी, एकूण जमा. प्रवाशाचं नाव, फोन नको. मर्यादा संपली की परिवहन विभागाच्या सर्व्हरवरून ॲपला उत्तर जातं आणि नवी फेरी टाकताच येत नाही.

हे अशक्य वाटत असेल तर फ्रान्समध्ये अशी सरकारी नोंदवही चालू आहे. कारपूल ॲप तिथे फेऱ्या पाठवतात आणि पुराव्याच्या अ, ब, क अशा पायऱ्या लावल्या जातात. सगळ्यात भक्कम पायरीत चालक आणि प्रवासी दोघांच्याही फोनवरून सुरुवात आणि शेवटाची जागा-वेळ जुळावी लागते. त्या आधारावर स्थानिक संस्था चालकाला प्रोत्साहन रक्कम देतात, त्यामुळे नोंद करण्यात चालकाचाही फायदा असतो. आपल्याकडे नियमांत बहुतेक वेळा नुसता दंडच असतो, म्हणून नोंद टाळण्याकडे सगळ्यांचा कल. नोंदलेल्या पूल गाडीला टोलमध्ये सवलत दिली तर चित्र बदलेल असं मला वाटतं.

ॲपबाहेर रोखीत बसवलेल्या प्रवाशाचं काय, हा प्रश्न येणारच. त्याला फास्टॅग आहे. पूलसाठी नोंदवलेली खासगी गाडी आठवड्याला बारा वेळा खालापूर टोल नाका ओलांडते आणि ॲपवर फेऱ्या दोनच, तर नोटीस काढून विचारा. तपासणी फक्त नोंदवलेल्या गाड्यांपुरती आणि संमतीने, सरसकट सगळ्यांचे फास्टॅग चाळायला मात्र माझा विरोध आहे.

आज प्रत्यक्षात काय होतं? आरटीओचं वायुवेग पथक गाडी थांबवतं. चालक म्हणतो, मित्र आहेत. मागच्या सीटवरच्या मित्राला चालकाचं आडनाव माहीत नसतं. प्रवाशाचा फोन बघितला की बुकिंग सापडतं, त्याचा जबाब घेतला जातो आणि कलम १९२अ खाली दहा हजारांचा दंड. कलम ५३ खाली गाडीची नोंदणीही निलंबित होऊ शकते. वाकडला निघालेला प्रवासी लोणावळ्यात बॅग घेऊन उभा. ॲपला यातलं काहीच लागत नाही. कलम १९३ मध्ये विनापरवाना ॲग्रिगेटरला दंड आहे २५ हजार ते १ लाख. रोज हजारो फेऱ्या जुळवणाऱ्या कंपनीला एक लाख म्हणजे चहापाण्याचा खर्च. मी म्हणेन दंड फेरीमागे लावा, आणि मर्यादा ओलांडलेली फेरी यादीत राहिली याची जबाबदारी ॲपची धरा. 'आम्ही फक्त मंच आहोत' हा बचाव दर सुचवणाऱ्या, क्रमवारी लावणाऱ्या आणि बुकिंग फी घेणाऱ्याला शोभत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट विम्याची. खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा म्हणून एक छोटा परिच्छेद असतो. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर वगळलाय असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. परमिट नसलेल्या गाडीचा असा वापर झाला तर विमा कंपनीला कलम १५० खाली बचाव मिळतो. कधी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कंपनीला सांगतं, आधी जखमीला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे ३४० रुपये घेणारा प्रामाणिक चालक लाखांच्या वसुलीत सापडू शकतो. पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर गाडीत बसलेल्या माणसांचं संरक्षणच नसतं. इंधन-टोलाची वाटणी म्हणजे मोबदला की नाही, याचं उत्तर पॉलिसीच्या छापील मजकुरात असलं पाहिजे. विमा नियामकाने 'नोंदणीकृत पूल फेरीतली मर्यादेतली खर्चवाटणी हा मोबदला समजला जाणार नाही' असं एक वाक्य पॉलिसीत घालायला लावलं तर निम्मी भीती संपेल. ते वाक्य आल्याशिवाय राज्याने कितीही मंजुऱ्या दिल्या तरी अपघात झाल्यावर त्या कागदांचा उपयोग वकिलालाच.

जाता जाता टॅक्सी ॲपबद्दल. राज्याने मूळ दर किलोमीटरला २२.७२ रुपये, गर्दीच्या वेळी दीडपट म्हणजे ३४.०८ आणि सवलत देऊन किमान १७.०४ असे आकडे ठरवलेत, आणि चालकाला भाड्याच्या ८० टक्के. पण आता ॲपवाले कमिशन सोडून चालकाकडून रोजची ठरावीक फी घेऊ लागलेत. मग ८० टक्के कशाचे? कागदावर चालकाला १०० टक्के मिळतात आणि दिवसभर सवारी लागली नाही तरी फी जातेच. टक्केवारीभोवती लिहिलेला नियम असा एका बदलात रिकामा होतो. पूलिंगचे नियम लिहिणाऱ्यांनी हे समोर ठेवावं, कारण तिथेही 'आम्ही भाडं घेत नाही, सदस्यत्व घेतो' हे उत्तर कोणीतरी शोधेलच.

सध्या जे रोज किंवा आठवड्याला पूल करतात त्यांच्यासाठी: आपली पॉलिसी काढून वापराच्या मर्यादा वाचा आणि पॅकेज पॉलिसी (नुसत्या थर्ड पार्टीपेक्षा जास्त संरक्षण देणारी) आहे ना ते बघा. तिघांपेक्षा जास्त प्रवासी घेऊ नका. पैसे घेतलेच तर इंधन-टोलाच्या पावत्या महिनाभर ठेवा. प्रवासी असाल तर बसण्याआधी ॲपवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळवा. 'ॲपवर कॅन्सल करा, मी तसंच नेतो' असं चालक म्हणाला तर बसू नका, कारण त्या क्षणी तुमची फेरी सगळ्याच नोंदीतून गायब होते. पुढचं काही झालं तर तुम्ही त्या गाडीत होतात हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल.