पयले काटा झिरोवर दाखवा

नव्या टर्मिनलमधून मुंबईला जाणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते मामांना सोबत घेऊन जाणे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळाचे उद्घाटन होऊन तिथून मुंबईचे विमान सुरू झाले. तोवर आम्हाला विमानासाठी दीडशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागत असे. आता विमान यवतमाळ रस्त्यावर, म्हणजे आमच्या शिवाराच्या शेजारीच आले. तिकिटाच्या पैशांत या इमारतीचेही पैसे धरलेले असणार, तेव्हा आतली एकही सोय न वापरता सोडायची नाही, असा मामांचा निर्धार होता.

आम्हाला पोचवायला घरची मंडळी गाडी भरून आली होती. तिकीट आणि ओळखपत्र असल्याशिवाय आत सोडत नाहीत हे कळल्यावर त्यांनी बाहेरच चिवड्याचा डबा उघडला. मामा मात्र दारातल्या सुरक्षारक्षकाला आधार कार्ड दाखवून, सोयरिकीच्या बैठकीला निघाल्यासारखे ताठ मानेने आत गेले.

खरी परीक्षा सामान देण्याच्या काउंटरवर झाली. माणशी पंधरा किलोची मर्यादा होती आणि मामांची बॅग एकोणीस भरली. उभी हयात जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या दारात कापसाच्या गाड्या मोजून देण्यात गेलेला हा माणूस असा आकडा निमूटपणे मान्य करील, ही अपेक्षाच चुकीची होती.

"पोरी, बॅग खाली घे. पयले काटा झिरोवर दाखव."

काउंटरवरच्या मुलीने हसून बॅग उतरवली. काटा शून्यावर आला. बॅग पुन्हा चढली, पुन्हा एकोणीस.

"आन् घट किती धरतं?"

"काका, इथे घट धरत नाहीत."

घट म्हणजे कापूस मोजताना वजनातून केली जाणारी वजावट. ती इथे नाहीच, हे उत्तर मामांना इतके अनपेक्षित होते की ते क्षणभर गप्प झाले. तेवढ्यात तिने, दोघांचे तिकीट एकत्र असल्यामुळे वजनही एकत्र धरता येईल आणि माझी बॅग हलकी असल्याने जादा पैसे लागणार नाहीत, असे सांगून टाकले. भांडणासाठी मनात जुळवलेला सगळा मजकूर वाया गेल्याचे दुःख मामांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

मग तिने पॉवर बँक, लायटर, काडीपेटी, सुके खोबरे यांची चौकशी केली. मावशीसाठी नेत असलेल्या खोबऱ्याच्या वाट्या मामांनी मोठ्या अभिमानाने काढून दाखवल्या. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून विमानाच्या सामानात ते चालत नाही, हे तिने शांतपणे समजावले. "खोबऱ्यानं इमान पेटते म्हने!" असे पुटपुटत मामा दाराशी गेले आणि पिशवी बाहेरच्या मंडळींच्या हवाली करून आले.

बॅगा आत गेल्यावर आम्ही सुरक्षा तपासणीला आलो. मामा चौकटीतून जाताच ती वाजली. बंडीच्या आतल्या खिशातून आधी चुन्याची डबी निघाली, मग पितळी अडकित्ता निघाला. तो मोठ्या बॅगेत ठेवला असता तर चालले असते. पण ती बॅग आता आमच्या हाती नव्हती. जवानाने अदबीने दोनच मार्ग सांगितले: अडकित्ता इथेच सोडा, किंवा बाहेर कुणाकडे तरी देऊन या. आजोबांच्या हातचा अडकित्ता सोडण्याचा प्रश्नच नव्हता. आमची वरात पुन्हा दाराकडे निघाली. आम्हाला पाहताच चिवडा खाता खाता मामी ओरडली, "आता अजून काय काय वापस येते बाप्पा?"

अखेर आम्ही प्रतीक्षागृहात टेकलो. मामांनी गरज नसताना मोबाइल चार्जिंगला लावला, तहान नसताना पाणी प्यायले, प्रसाधनगृहात दोनदा जाऊन आले आणि खुर्च्यांवर आळीपाळीने बसून पाहिले. काचेपलीकडे एटीआर जातीचे, सत्तरेक आसनांचे विमान येऊन उभे राहिले. त्याचे पंखे बाहेरून दिसत असल्यामुळे, 'बिघाड झाला तं आपल्याले दिसन तरी,' या विचाराने मामांना फार बरे वाटले. मग त्यांनी खिशातली अख्खी सुपारी काढली, दाढेखाली धरून पाहिली आणि परत खिशात टाकली.

इतक्यात गावाहून फोन आला. नवे विमानतळ कसे आहे, हे सरपंचांना ऐकायचे होते.

"सोई मस्त हायेत," मामा साऱ्या प्रतीक्षागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पन सुपारी फोडाची सोय नाई."