शिखर रुंद करणं म्हणजे आकडे जुळवणं नव्हे : एक तारा मिळालेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. आमच्या गॅमा डिटेक्टर सिम्युलेशनच्या कोर्सला एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय : ‘आधी सुईसारखं शिखर काढून दाखवतात. प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रमशी ते जुळलं नाही की त्यात रँडम आकडे मिसळून हवं तेवढं रुंद करतात. हे उत्तर बघून गणित सोडवणं आहे.’ शिवाय खरा डिटेक्टर हाताळायला मिळाला नाही, म्हणून फी परत हवी, असंही म्हटलंय. पहिला आरोप खरा असता तर भंवरकुआतला हा क्लास मला आजच बंद करावा लागला असता, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

स्पेक्ट्रम म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती गॅमा नोंदले गेले याचा आलेख, एका ऊर्जेपाशी खूप नोंदी झाल्या की तिथे शिखर दिसतं. सीझियम-१३७ या किरणोत्सारी स्रोताचा गॅमा किरण ६६२ केईव्हीचा (केईव्ही हे ऊर्जेचं एकक). जिआंट-४ हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर त्या प्रत्येक फोटॉनचा, म्हणजे गॅमाच्या कणाचा, माग काढतं : डिटेक्टरच्या स्फटिकात तो कुठे विखुरला, कुठे शोषला गेला, किती ऊर्जा सोडून गेला. जे फोटॉन पूर्ण शोषले गेले त्यांचा हिशेब बरोबर ६६२ वरच येतो, त्यामुळे शिखर आलेखाच्या एकाच खान्यात, म्हणजे ऊर्जेच्या एकाच छोट्या टप्प्यात, उभं राहतं. यात चूक काहीच नाही. आपण जिआंट-४ ला फक्त स्फटिकात सोडलेली ऊर्जा विचारली होती.

रुंदी येते ती त्यानंतर. आपल्या डिटेक्टरचा स्फटिक सोडियम आयोडाइडचा, गॅमाने ऊर्जा सोडली की तो चमकतो. त्यात दर केईव्हीमागे साधारण ३८ प्रकाशकण सुटतात, म्हणजे ६६२ ला पंचवीस हजारांच्या आसपास. त्यातले काही वाटेतच हरवतात, आणि फोटोमल्टिप्लायरपर्यंत, म्हणजे प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या नळीपर्यंत, पोचलेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा इलेक्ट्रॉन सोडवतो. हाती उरतात पाच-सहा हजार इलेक्ट्रॉन, आणि हा आकडा दर वेळी थोडा कमी-जास्त होतो. एवढ्यानेच शिखराची निम्म्या उंचीवरची रुंदी त्याच्या ऊर्जेच्या तीन टक्क्यांच्या वर जाते. प्रत्यक्षात चांगल्या तीन इंची स्फटिकाला ती सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४६ केईव्ही मिळते. कारण सोडियम आयोडाइडचा प्रकाश ऊर्जेच्या सरळ प्रमाणात निघत नाही, आणि स्फटिकाच्या प्रत्येक भागातून तो सारखा गोळाही होत नाही. चांगल्या जर्मेनियम डिटेक्टरला हीच रुंदी दीड केईव्हीच्या आत असते. तिथे हा फरक तुमच्या डोळ्यांत एवढा भरलाच नसता.

प्रकाशाचा हा सगळा प्रवासही जिआंट-४ मध्ये बसवता येतो. पण एकेका गॅमामागे हजारो प्रकाशकणांचा माग ठेवायचा, वर स्फटिकाभोवतीचं आवरण किती प्रकाश परतवतं हे पुन्हा मोजणीवरूनच ठरवायचं. म्हणून मोजलेली रुंदी गॉसियनने, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे रँडम आकडे मिसळून, घालण्याची रीत सगळीकडे आहे. एमसीएनपी या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर त्यासाठी वेगळी सोयच दिलेली आहे.

आता तुमचा मुख्य मुद्दा, ‘हवं तेवढं रुंद करतात’. आपण रुंदी घेतली ती तुमच्याच बॅचने कॉलेजातून आणलेल्या मोजणीतून : सीझियमचं ६६२, कोबाल्ट-६० ची ११७३ आणि १३३२. तीन बिंदू, आणि ऊर्जेवरून रुंदी देणारं दोन स्थिरांकांचं सूत्र. ते एकदा बसवल्यावर पुन्हा कुणी हात लावला नाही. आणि गॉसियन मिसळल्याने शिखराखालचं क्षेत्रफळ बदलत नाही, मोजणी फक्त शेजारच्या खान्यांत पसरते. अंतर चुकलं असेल, स्फटिकाचं माप चुकलं असेल, तर ती चूक रुंदी वाढवून झाकली जात नाही.

याचा पुरावा तुमच्याच कोडमध्ये आहे. मोजलेल्या स्पेक्ट्रममध्ये १८४ केईव्हीच्या आसपास उंचवटा होता, आपल्यात नव्हता. रुंदी दुप्पट केली असती तरी तो उगवला नसता. स्रोताखालचं टेबल आणि मागची भिंत भूमितीत घातल्यावर तो आला, कारण भिंतीवर आपटून सरळ मागे फिरलेल्या फोटॉनकडे तेवढीच ऊर्जा उरते. ४७७ ची कॉम्प्टन कडा, म्हणजे एका धडकेत फोटॉन जास्तीत जास्त सोडू शकतो ती ऊर्जा, ६६२ मधून वजा केली की साधारण उरतं तेवढीच. ती भिंत कोडमध्ये लिहिली तुम्ही. उत्तर बघून गणित सोडवलं असतं तर या भिंतीची गरजच पडली नसती.

खऱ्या डिटेक्टरबद्दल : किरणोत्सारी स्रोत बाळगण्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत, क्लासच्या खोलीत तो ठेवणं मला मान्य नाही. कोर्स फक्त सिम्युलेशनचा आहे, हे प्रवेश अर्जावर छापलेलं आहे. पूर्ण झालेल्या कोर्सची फी परत होत नाही.

पण आरोपाची तपासणी व्हावी असं मला मनापासून वाटतं. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र ज्या गावात आहे तिथल्या मुलांनी हे काम शंका ठेवून शिकू नये. तुमच्या कॉलेजात सोडियम-२२ चा स्रोत असेल तर त्याच डिटेक्टरने, त्याच व्होल्टेजवर मोजणी घ्या. आम्हाला फक्त स्रोताचं अंतर आणि टेबलाची मांडणी कळवा, स्पेक्ट्रम पाठवू नका. ५११ आणि १२७५ या दोन्ही शिखरांची रुंदी आणि त्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर आम्ही आधी इथेच, सगळ्यांना दिसेल असं टाकतो, सूत्र जुनंच ठेवून. ५११ तर आपल्या तिन्ही बिंदूंच्या खाली पडतं, त्यामुळे कसोटी सोपी नाही. आमचे आकडे पडल्यावर तुमचे टाका.

– संचालक, इंदूर