‘झूटोपिया’च्या नावाने फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘झूटोपियात शिकारी प्राणी शेवटी आपली जात दाखवतातच, तसंच इथले कानडी लोक.’ प्राण्यांच्या शहरावरच्या या कार्टून सिनेमात असं काहीही नाही.

2016च्या या सिनेमात प्राणी पिसाळतात ते एका विषारी फुलाच्या अर्कामुळे. त्या अर्काच्या गोळ्या शिकारी प्राण्यांवर झाडायला लावते बेलवेदर नावाची मेंढी, शहराची सहायक महापौर. शहरात 90 टक्के प्राणी शिकारी नाहीत. त्यांना उरलेल्यांची भीती घातली की सत्ता आपली, हा तिचा हिशेब. तेच फूल खाऊन एक ससाही जूडीच्या (सिनेमाची नायिका, पोलीस असलेली सशीण) आईला कडकडून चावला होता. त्यावरूनच तर जूडीला उलगडा होतो!

‘हे रक्तातच असतं’ अशा अर्थाचं बोलते ती स्वतः जूडी, पत्रकारांसमोर. तिचा कोल्हा मित्र निक तिथेच तुटतो. लहानपणी स्काउट व्हायला गेलेल्या निकच्या तोंडाला पोरांनी मुसकं बांधलं होतं. (मुलांसोबत हा प्रसंग जरूर पाहा.) पुढे जूडी त्याची माफी मागते, ते मेसेजवाल्याने गाळलंय.

शिवाय सिनेमातल्या शिकाऱ्यांचे पूर्वज इतरांना खरोखर खात होते. माणसांच्या कुठल्याच समाजाला ही तुलना पुरती बसत नाही. आपला सीमाप्रश्न 1956च्या राज्य पुनर्रचनेतला. महाराष्ट्राने त्यासाठी 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा केला. तो हक्काने लढूच. त्यासाठी शेजारच्या कानडी घरातल्या पोरांना जनावर ठरवायची गरज नाही. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.