आई, अपसाइड म्हणजे काय?

गाडीत सीटबेल्ट लावता लावता लेकीने हे विचारलं. तेरा वर्षांची आहे. आज सकाळी तिला इथल्या, न्यू जर्सीतल्या, एका बास्केटबॉल क्लबच्या ट्रायआउटला (निवड चाचणीला) नेलं होतं. भिंतीला टेकवून उंची घेतली, मग दोन्ही हात पसरायला लावून या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप धरला. खेळायला मिळाली चार मिनिटं. तेवढ्यात तिने डाव्या हाताने दोन लेअप (रिंगकडे पळत जाऊन अगदी जवळून टाकायचा बॉल) टाकले, दोन्ही आत. कागद घेऊन उभा असलेला माणूस तेव्हा पुढच्या मुलीचे हात मोजत होता. शेवटी मला म्हणाला, मुलगी गुणी आहे, पण अपसाइड, म्हणजे पुढे वाढायला वाव, दिसत नाही.

तेराव्या वर्षी! कणीक मळून ठेवली आहे आणि मी हे लिहीत बसले आहे.

हा शब्द कुठून आला ते एनबीए, म्हणजे अमेरिकेतली पुरुषांची व्यावसायिक लीग, बघणाऱ्यांना सांगायला नको. जूनमध्ये ड्राफ्ट असतो, संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात; त्याच्या आधी महिनोन् महिने तेच चालतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचे हात किती लांब, तळवा केवढा, उडी किती. बैलबाजारात दात बघतात तसं. एवढं मोजून २०१३ साली पहिला उचलला अँथनी बेनेट, जो पुढे चाललाच नाही, आणि पुढे मोठा झालेला यानिस अँटेटोकुम्पो पंधरावा गेला. २०१४ला निकोला योकिच ४१वा. त्याचं नाव आलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. आज त्याच्याकडे तीन एमव्हीपी, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार, आहेत.

मी शिकले नागपुरात, सिमेंटच्या कोर्टावर. पहाटे साडेपाचला सर पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसलेले असायचे. चौदाव्या वर्षी मला डाव्या हाताने लेअप येत नव्हता. एक दिवस त्यांनी माझीच ओढणी घेऊन उजवा हात कमरेला बांधला आणि म्हणाले, "आता टाक." पंधरा दिवस रोज तेच. पहिल्या दिवशी बॉल बोर्डालासुद्धा लागला नाही. मी रडले. तर म्हणाले, "उंची देवाच्या हातात हाय पोरी, डावा हात माह्या हातात हाय."

या एका वाक्यावर माझा सगळा बास्केटबॉल उभा आहे.

क्वाय लेनर्डचं बघा ना. २०११मध्ये पंधरावा निवडला गेला. हात प्रचंड मोठे, ते सगळ्यांनी मोजलेच होते, पण लांबून शॉट बसत नाही म्हणत होते. सॅन अँटोनियोच्या संघात चिप एंगेलँड नावाचा शूटिंगचा कोच होता. त्याने त्या पोराचा शॉट नीट बसवून दिला, आणि २०१४ला तोच लेनर्ड फायनल्सचा एमव्हीपी झाला. एंगेलँड पुढे २०२२मध्ये ओक्लाहोमा सिटीकडे गेला, आणि २०२५ला त्यांनी विजेतेपद घेतलं. आपल्यातल्या किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय? ओढणी बांधणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही.

आता रटगर्स, आपल्या इथलं विद्यापीठ. न्यू जर्सीतल्या मंडळींना हे लागेल, लागू दे. २०२४-२५च्या संघात डिलन हार्पर आणि एस बेली, दोघेही पुढे ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचात गेले, हार्पर दुसरा, बेली पाचवा. आणि संघ? १५ जिंकले, १७ हरले, एनसीएए या देशभरच्या कॉलेज स्पर्धेत जागाच नाही. तेव्हापासून आपल्या प्रत्येक पॉटलकला कोणीतरी प्लेट हातात घेऊन सांगतं की कोचने दोन हिरे मातीत घातले. अरे, पोरं आली नोव्हेंबरात खेळायला, मार्चमध्ये संपलं. पाच महिन्यांत काय घडवणार? माझा एक डावा हात बसायला पंधरा दिवस लागले, तोही समोर अडवायला कोणी उभं नसताना. याच कोचने, स्टीव्ह पायकीलने, २०२१ला रटगर्सला तीस वर्षांनी एनसीएए स्पर्धेत नेलं होतं, ते कोणाच्या लक्षात नाही. बचाव ढिसाळ होता, हे मान्य. तिथे कोचचीच चूक. पण २००६च्या ड्राफ्टपासून नियमच असा आहे की शाळा सुटल्यावर एक वर्ष थांबा आणि निघा. त्या एका वर्षाला कॉलेज कसं म्हणायचं?

त्या मोसमात लेकीला घेऊन एक सामना बघायला पिस्कॅटवेला गेले होते. हार्पर डावखुरा आहे. रिंगकडे शिरताना खांदा खाली घालून त्याने डाव्या हाताने बॉल अलगद बोर्डावर ठेवला, आणि लेक माझा दंड धरून म्हणाली, "आई, हा तुझ्यासारखा टाकतो." अंगावर काटा आला. नंतर कळलं की त्याची आई मारिया शाळेच्या संघाची सहाय्यक कोच होती, लहानपणापासून तिनेच त्याला शिकवलं. बापाने एनबीएची पाच विजेतेपदं घेतली आहेत, बातम्यांत त्याचंच नाव येतं. मला मात्र ती आई दिसते.

मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलकडे म्हणूनच बघा म्हणते मी. डब्ल्यूएनबीएत, म्हणजे मुलींच्या एनबीएत, इथल्या मुलींना साधारण चार वर्षं कॉलेज केल्याशिवाय जाता येत नाही. पेज ब्यूकर्स २०२२ला गुडघ्याने गेली, अख्खा मोसम बाहेर बसली. कनेटिकट विद्यापीठाचा कोच जीनो ऑरियेमा, त्याच्या हाताखाली ती पाच वर्षं राहिली, २०२५ला कनेटिकटला विजेतेपद मिळवून दिलं आणि मग ड्राफ्टमध्ये पहिली गेली. पाच वर्षं एक माणूस तुमचे पाय कसे पडतात ते बघतोय, यासारखं भाग्य नाही. हो, पैशाचं बोलाल तर तोंड बंद होतं माझं. पहिल्या वर्षाचा तिचा पगार होता सुमारे ७९ हजार डॉलर, आणि त्याच वर्षी मुलांत पहिला गेलेल्या कूपर फ्लॅगला त्याच्या शंभर पटींहून जास्त. घरी गरिबी असलेल्या पोराला चार वर्षं थांब म्हणायचा हक्क मला नाही, हेही कळतं.

आणि लेब्रॉन कॉलेजला गेलाच नाही, सात फूट कोणाला शिकवता येत नाही, हे सगळं माहीत आहे. कमेंटमध्ये लिहू नका.

एवढं टाइप करेपर्यंत राग जरा उतरला. त्या कागदवाल्या माणसालाही कोणीतरी असंच शिकवलं असेल. पण तेरा वर्षांच्या पोरीसमोर असं बोलतात का हो? घरी येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती, एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं धरून. जणू लांबीच मोजत होती.

तिला उत्तर काय दिलं विचाराल, तर सरांचंच वाक्य, नागपुरीतच. "माह्या" म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. हसली. आत्ता बाहेर ड्राइव्हवेवर बॉलचा आवाज येतोय. आतून माझी जुनी ओढणी घेऊन गेली आहे.

एडिसन-पिस्कॅटवेच्या आसपास मुलींना मन लावून शिकवणारा, पायांकडे बघणारा कोच कोणाला माहीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. तासभर गाडी चालवत जायची तयारी आहे. शनिवार-रविवार सकाळ कितीही लवकर चालेल, साडेपाचसुद्धा.